विहीर अजून लागते

हवेली तालुक्याच्या पूर्व अंगाला, नगर रस्ता आणि सोलापूर रस्ता यांच्या बेचक्यातलं एक गाव. तिथल्या महा-ई-सेवा केंद्राच्या काउंटरपुढे एक आजोबा उभे होते. डोक्याला टोपी, खांद्यावर पंचा, हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडीवर विरलेला जुना हस्तलिखित उतारा. काउंटरवरच्या मुलाने गट नंबर विचारला, प्रिंट काढली, पंधरा रुपये सांगितले. आजोबांनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला, बराच वेळ पाहिला आणि परत काउंटरवर ठेवला. ‘पोरा, विहीर अजून लागती का बघ.’ मुलाने वाकून ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचला. ‘लागतीये की बाबा. विहिरीत चार आणे हिस्सा.’ आजोबा म्हणाले, ‘मग असू दे,’ आणि कागदाची घडी घालून निघाले. मागच्या माणसाने सहज सांगितलं की ती विहीर बुजवून आठ वर्षं झाली, वर चार मजली इमारत आहे.

प्रसंग एवढाच. पण ‘लागती का’ हा शब्द काही केल्या जाईना.

आपल्याकडे हे क्रियापद फार कामं करतं. सातबाऱ्याला नाव लागतं. विहिरीला पाणी लागतं. चार भावांत पाण्याची पाळी लागते. शेजाऱ्याची बांधावर नजर लागते. आजोबांना नेमकं काय लागायला हवं होतं? त्या विहिरीतून आता तांब्याभरही पाणी निघणार नाही, हे त्यांना त्या रांगेतल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत असणार. तरी कागदावरचे चार आणे जागेवर आहेत हे कळल्यावर त्यांचे खांदे सैल झाले. पुण्याभोवतीच्या गावांत जमिनीचं काय झालं याचे आकडे पुष्कळ सापडतात. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ७२ लाख होती, २०११ मध्ये ९४ लाख झाली, म्हणजे दहा वर्षांत तीस टक्क्यांनी वाढली. पण गावं शहरात विरघळताना आधी काय जातं हे त्या आकड्यांतून दिसत नाही. आधी जातात त्या सामाईक गोष्टी: विहीर, पाणंद, ओढा. शेत विकलं जाताना त्याची किंमत ठरते, मोजणी होते, दस्त होतो. या तिघांना कोणी विकत नाही, म्हणून त्यांचा हिशेबही होत नाही.

चार आणे म्हणजे पाव हिस्सा. म्हणजे चार भाऊ, किंवा चार चुलत घरं. अशा वाटण्या झाल्या की जमिनीत बांध पडतात, घरात भिंत पडते, गोठ्यातल्या जनावरांचीही वाटणी होते. विहीर मात्र तशीच सामाईक राहते, कारण तिचे चार तुकडे करता येत नाहीत. मग पाळी ठरते. एकाची दोन दिवस, मग दुसऱ्याची. किंवा बारा-बारा तासांची, आणि रात्रीची पाळी एकाच्याच वाट्याला सारखी येऊ नये म्हणून पंधरा दिवसांनी अदलाबदल. मोटेच्या काळात बैलांची धाव आणि मोटेचं पाणी ओतायचं थारोळं सामाईक असायचं, पुढे इंजिन आलं तेव्हा डिझेल ज्याचं त्याचं, आणि वीज आल्यावर मीटर बहुधा घरातल्या सगळ्यात थोरल्याच्याच नावावर, तो जाऊन वीस वर्षं झाली तरी. गाळ काढायचा तो उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून. एकमेकांशी बोलणं टाकलेले भाऊही वैशाखात त्या काठावर एकत्र यायचे, कारण यारीवाल्याचे, म्हणजे गाळ वर ओढणाऱ्याचे, पैसे चौघांत वाटायचे असत. हे सगळं गोड होतं असं कोणी म्हणू नये. पाळीवरून डोकी फुटलेली आहेत, कोर्टात पिढ्या गेल्या आहेत. पण भांडायला तरी एकमेकांची गरज होती.

सातबाऱ्यावर या व्यवहाराची खूण एका ओळीची असते. वरचा भाग गाव नमुना सात, मालकीचा. खालचा बारा, पिकाचा. वर भोगवटादार वर्ग १ की २, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये (आर म्हणजे शंभर चौरस मीटर), आकारणी, खाते क्रमांक, नाव, फेरफार क्रमांक. त्यातच पोटखराब्याचे दोन वर्ग. वर्ग ‘अ’ म्हणजे खडक, खाचखळगे, लागवडीला न येणारी जमीन. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, पायवाट, ओढा, तळं अशा, इतरांच्याही उपयोगाच्या गोष्टींनी व्यापलेली जमीन. हा वर्ग ‘ब’ बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. एखाद्या गटात १ हेक्टर २० आर क्षेत्र आणि त्यात ६ आर पोटखराबा ‘ब’ असेल, तर त्या सहा आरमधून बहुधा ओढा वाहतो किंवा कोणाची तरी वहिवाट जाते. जमीन घेणाऱ्याने पहिल्यांदा विचारायचा प्रश्न तो आहे: हे सहा आर जमिनीवर नेमके कुठे आहेत? प्लॉटिंगवाला त्याचं उत्तर कधी देत नाही, कारण बहुतेक वेळा त्या सहा आरांवरही फक्की पडलेली असते.

फक्की म्हणजे चुन्याची पांढरी रेघ. प्लॉटिंगचा पहिला दिवस तिच्यापासून सुरू होतो. जेसीबीने बांध सपाट केलेले, बाभळी मुळासकट काढलेल्या, काळ्या मातीवर तांबडा मुरूम पसरलेला, आणि त्यावर चौकटी. प्रत्येक चौकट ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट, एक गुंठा. हे ३३ कुठून आलं? ब्रिटिश काळातल्या मोजणीदाराची साखळी ३३ फुटांची होती, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, आणि असे चाळीस म्हणजे एकर. गावाच्या जुन्या नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, तिची कमीत कमी रुंदी साडेसोळा फूट, म्हणजे बरोबर अर्धी साखळी. पायवाट एकेरी तुटक रेषेची, सव्वाआठ फूट, म्हणजे पाव साखळी. मोजणाऱ्यांनी माणसाच्या चालण्यालाही त्याच साखळीतून वाटा काढून ठेवला होता. आज ३३ चा आकडा टिकला आहे, पाव आणि अर्धी गेली.

एक एकर म्हणजे साधारण २०८ फूट बाय २०८ फूट. त्यात वीस-वीस फुटांचे दोन रस्ते सोडले की १६८ फूट उरतात, म्हणजे ३३ फुटांच्या पाच रांगा. प्रत्येक रांगेत सहा प्लॉट बसतात. असे तीस प्लॉट निघतात, दहा गुंठे रस्त्यात आणि तुकड्यांत जातात. रीतसर मंजूर लेआउट करायचा तर साधारणपणे रस्ते किमान नऊ मीटरचे, म्हणजे तीस फुटांचे लागतात, आणि जमीन चार हजार चौरस मीटरच्या वर असली तर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. एक एकर भरतं ४,०४७ चौरस मीटर. त्यामुळे बिनमंजुरीचे प्लॉट पाडणारा एकाच हिसक्यात मोकळी जागा आणि दहा फूट रस्ता गिळतो. वीस फुटांच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पायऱ्या, जिने, दुचाकी आणि पाण्याच्या टाक्या लागल्या की उरतो बारा फूट. अग्निशमनाची गाडी त्यात शिरत नाही. मैला उपसणारा टँकर शिरतो, पण वळत नाही; तो उलटा बाहेर काढावा लागतो.

कायदा याच्या आड आला नाही का? आला. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. शेतजमिनीचा अमुक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येऊ नये म्हणून प्रमाणभूत क्षेत्र ठरवलेलं आहे. २०२३ मध्ये ते राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरलं. त्यातून काढलेली वाट अशी की अकरा गुंठ्यांचा एक तुकडा दहा-अकरा अनोळखी माणसं एकाच खरेदीखताने सामाईक घेतात. सातबाऱ्यावर अकरा नावं लागतात, क्षेत्र एकत्र. जमिनीवर कोणता चौकोन कोणाचा, हे फक्त फक्कीच्या रेघेला आणि एजंटच्या झेरॉक्स नकाशाला ठाऊक. पुढे एकाला बँकेचं कर्ज हवं असलं की बँक बाकीच्या दहा जणांची संमती मागते. एक वारला की वारसनोंदीने अकराची सोळा नावं होतात. एकाला विकायचं असलं तर घेणारा विचारतो, चतुःसीमा दाखवा; त्या कागदावर नसतात. ग्रामपंचायतीचा आठचा उतारा दाखवून ‘घर नावावर आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नाही. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, त्याची मुदत २०२१ मध्ये पुढे नेऊन २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना दार उघडलं. शुल्क भरून गुंठा नियमित होतो. पण कागद नियमित झाला म्हणून बारा फुटांचा रस्ता तीस फुटांचा होत नाही.

आणखी एक कलम आहे, कूळ कायद्याचं ६३ वं. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे या गुंठ्यांच्या सातबाऱ्यांवरची आडनावं वाचली तर महाराष्ट्राचा नकाशा समोर येतो. बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, जळगाव, वाशिम. गावाकडे तीन एकर कोरडवाहू आहे, त्यावर चार वर्षांतून एकदा सोयाबीन पिकतं. त्या जमिनीने दुसरं काही दिलं नसेल, पण शेतकरी असल्याचा पुरावा दिला, आणि त्या पुराव्यावर माणसाने पुण्याजवळ एक गुंठा घेतला. रांजणगावला किंवा चाकणला कंपनीत कंत्राटावर असलेला, खराडीला सुरक्षारक्षक म्हणून उभा राहणारा, पगारातून फ्लॅटचा हप्ता कधीच न झेपणारा हा माणूस आहे. त्याने बायकोचे दागिने मोडून रेघांमधला तो चौकोन घेतलेला असतो. पहिल्या वर्षी पत्र्याची एक खोली, तिसऱ्या वर्षी स्लॅब, सातव्या वर्षी वर दोन मजले आणि भाडेकरू. वास्तुशांतीच्या दिवशी गावाकडून आलेली आई नळाला हात लावून बघते, पाणी येतं का. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिला की बेकायदा प्लॉटिंग हा शब्द तोंडातून निघत नाही.

तरी हिशेब करायलाच हवा. एका गुंठ्यावर तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन खोल्या-स्वयंपाकघराची बिऱ्हाडं, म्हणजे आठ बिऱ्हाडं. प्रत्येकी तीन माणसं धरली तर चोवीस. तीस गुंठे असे भरले की एकरात ७२० माणसं. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर. ७२० माणसांना ९७ हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे जवळजवळ दहा टँकर, रोज. ग्रामीण योजनेचं ५५ लिटरचं प्रमाण लावलं तरी चार. ज्या एकरावर परतीच्या पावसाच्या ओलीवर शाळू उभा राहायचा आणि एखाद्या पाण्यावर हाती यायचा, त्या एकराची ही तहान. आजोबांची विहीर पंचवीस फूट व्यासाची असेल आणि तिच्यात दहा फूट पाणी उभं असेल, तर ते होतं सुमारे १ लाख ३९ हजार लिटर. त्या एका एकराला ते दीड दिवस पुरलं असतं. तेव्हा विहीर राखली असती म्हणजे प्रश्न सुटला असता, असं म्हणण्यात अर्थ नाही. ती पुरी पडली नसती. पण ती पुरी पडत नाही म्हणून बुजवणं ही वेगळी गोष्ट आहे, कारण या भागात पाणी जमिनीत कसं राहतं हे तिला माहीत होतं.

इथली जमीन वरून खाली अशी आहे: फूट-दीड फूट ते काही ठिकाणी वावभर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला कुजका खडक, आणि मग कातळ. विहिरीचं पाणी मुरूम आणि कुजक्या खडकाच्या थरातलं. पावसाळ्यात भरतं, माघापासून उतरतं. बोअर त्याच्या खाली जाते, कातळातल्या भेगा शोधत, दोनशे, चारशे, सहाशे फूट. एकाच एकरात तीस बोअर पडल्या की त्या एकमेकींचं ओढतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात मोटर फुसफुसायला लागते. दरम्यान वरच्या थरात दुसरंच काही भरत असतं. ७२० माणसांनी वापरलेल्या पाण्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं, म्हणजे रोज ७८ हजार लिटर. ड्रेनेज लाइन नाही, म्हणून प्रत्येक घराखाली सेप्टिक टँक आणि त्याला जोडून शोषखड्डा. शोषखड्डा खणतात मुरमात, कारण काळी माती पाणी घेत नाही आणि कातळ फुटत नाही. म्हणजे विहीर ज्या थरातून पाणी पिते, त्याच थरात शोषखड्डा ओततो.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून शोषखड्डा किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा. गुंठ्याची बाजू ३३ फूट. कर्णसुद्धा भरतो पावणेसत्तेचाळीस फूट.

स्वतःच्या गुंठ्यात कोणालाही हे अंतर पाळता येणं शक्यच नाही, आणि शेजाऱ्याचा शोषखड्डा आपल्या बोअरपासून दहा फुटांवर आलेला असतो. बोअरला वरचे पन्नास-साठ फूट केसिंगचा पाईप नीट घालून ते भोवतीने बंद केलं तर वरचं पाणी थोपतं. पण केसिंगचे पैसे फुटावर लागतात आणि खडक लागला की पुढचं केसिंग वाचवायचं हा रिवाज आहे. मग पावसाळ्याच्या सुरुवातीला पाण्याला वास येतो. सगळे म्हणतात, पाईप फुटला असेल. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूला गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला, आणि नांदेडच्या ज्या विहिरीतून आजूबाजूच्या वस्त्यांना पाणी जात होतं तिच्याकडे सगळं शहर बघू लागलं. एका विहिरीभोवती शहर गोळा झालेलं होतं, आणि तोपर्यंत ते शहराला माहीतच नव्हतं.

ओढ्याचं याहून वाईट. ओढा आठ महिने कोरडा असतो, त्यामुळे तो जमीन असल्यासारखा दिसतो. आधी त्याच्या काठावर राडारोडा पडतो, मग पात्रात तीन फुटी सिमेंटचे पाईप टाकून वर मुरूम टाकतात आणि रस्ता करतात. तीन फुटी पाईपचं तोंड सात चौरस फूट. दहा फूट रुंद आणि चार फूट खोल ओढ्याचं चाळीस. शिवाय पाईपच्या तोंडाशी प्लॅस्टिक आणि फांद्या अडकतात, मग सातचेही तीन उरतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाला कॉलनी या भागात माणसांचे जीव गेले. त्या रात्रीनंतर काही काळ पुण्यात सगळ्यांना ओढा हा शब्द आठवला. हवेलीतल्या गावांमध्ये असे कितीतरी ओढे अजून नकाशावर निळ्या रेघेत आहेत आणि जमिनीवर पाईपात.

हे सगळं चालू असताना गावाला गाव म्हणायचं की शहर, हेही ठरत नाही. जनगणनेच्या लेखी पाच हजार लोकसंख्या, चौरस किलोमीटरला चारशे माणसं आणि पंचाहत्तर टक्के पुरुष कामकरी शेतीबाहेर, एवढं जमलं की ते शहर. तरीही कारभार ग्रामपंचायतीचा राहू शकतो: एक ग्रामसेवक, दोन शिपाई, पाणी सोडणारा एक माणूस आणि पन्नास हजार लोक. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. महापालिकेचं क्षेत्र सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झालं, मुंबईपेक्षा मोठं. मग फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. वाघोली, मांजरी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे इथल्या लोकांना मिळकतकराची बिलं आधी आली आणि नळ मागाहून येत राहिले. शेवटची जनगणना २०११ ची, पुढची गणना २०२७ मध्ये. मधल्या सोळा वर्षांत या पट्ट्यात किती माणसं आली, याचा धड आकडा कोणाच्याही टेबलावर नाही. पाण्याच्या योजना आखायच्या त्या अंदाजावर, आणि अंदाज मागेच पडलेला असतो.

विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. हडपसरला मगरपट्ट्यात शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर एकत्र करून जमीन न विकता स्वतःच नगर वसवलं, ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा वाटा ठेवला. त्यांचं उदाहरण लोक नेहमी देतात. ते खरं आहे आणि मोठंही आहे. पण चारशे एकरांना एका विचाराने धरून ठेवायला गावात तसा माणूस लागतो, भाऊबंदकी थोडी कमी लागते, आणि थांबायची ऐपत लागते. ज्याच्याकडे सव्वा एकर आहे, मुलीचं लग्न वैशाखात आहे आणि शेजारच्या गटात फक्की पडलेली आहे, तो थांबू शकत नाही. शेजारी प्लॉट पडले की याच्या शेताला पाणी यायचा पाट बंद होतो, पाणंदीवर गेट लागतं, उसाला रस्ता राहत नाही, रात्री कुत्री आणि दिवसा क्रिकेट. विहिरीतले बाकीचे बारा आणे विकले गेलेले असतात आणि मोटरीचं बिल एकट्यावर आलेलं असतं. त्याला आता शेती करणं जमेना झालेलं असतं. खरेदीखतात जुना मजकूर असतो: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. तो ते वाचत नाही, सही करतो. त्यातला पहिला शब्द जल आहे.

विहीर बुजवायला काय लागतं? पंचवीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल विहीर म्हणजे साधारण दोनशे ब्रास भराव (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). पाच ब्रासच्या डंपरच्या चाळीस खेपा. शहरात जुने वाडे आणि सोसायट्या पडत असतात, राडारोडा टाकायला जागा हवीच असते, त्यामुळे भराव फुकट मिळतो, कधी वर पैसेही मिळतात. नीट करायचं तर आधी पाणी उपसायचं, तळाचा गाळ काढायचा, खाली मोठे दगड, वर मुरमाचे फूट-फूटभर थर देऊन प्रत्येक थर पाणी मारून दाबायचा. तसं कोणी करत नाही. विटा, प्लास्टर, फरशा, थर्माकोल, कमोडचे तुकडे, सगळं एकत्र ओतलं जातं. त्यात पोकळ्या राहतात. पाणी आतल्या आत चढत-उतरत राहतं, बारीक माती खाली नेतं, आणि भराव वर्षानुवर्षं बसत जातो. म्हणून जाणता स्थापत्य अभियंता विहिरीवर खांब येऊ देत नाही. तिथे पार्किंग काढतो.

न बुजवता ठेवायची असली तर खर्च त्याहून फार नाही. कठडा चार फूट वर घ्यायचा, वर लोखंडी जाळी, तिला कुलूप. भोवतीच्या घरांच्या फक्त छताचं पाणी पाईपने आणायचं. अंगणाचं आणि रस्त्याचं अजिबात नाही. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडून द्यायचं, त्यात धूळ आणि कबुतरांची घाण असते. मग चार बाय चार फुटांचा गाळणखड्डा: खाली मोठी खडी, मधे बारीक, वर वाळू. तिथून पाईप विहिरीत थेट तळाजवळ उतरवायचा, वरून धबधबा सोडला तर बांधकामाचे दगड सुटतात. दर उन्हाळ्यात वाळू धुवायची. पूर्व हवेलीत पाऊस कमी, पाचशे मिलिमीटर धरला आणि वीस टक्के वाया गेला तरी एका गुंठ्याच्या छतावरून वर्षाला चाळीस हजार लिटर उतरतं. तीस गुंठ्यांचं होतं बारा लाख, म्हणजे टँकरच्या १२० खेपा. साठ फुटांच्या आत शोषखड्डा असला तर मात्र ते पाणी पिण्याला नाही, झाडांना, फरशीला, फ्लशला. एवढ्यासाठी तीस घरांनी वर्षातून एकदा एकत्र यावं लागतं. भाडेकरू दर अकरा महिन्यांनी बदलतात, मालक दुसऱ्या उपनगरात राहतो, सोसायटी नोंदलेली नाही. गाळ काढायला यारीवाल्याला बोलवायचं तर फोन कोणी करायचा?

त्या चार मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत. जुलैत पाच-सहा दिवस सलग पाऊस झाला की त्यांच्यावर एका ठिकाणी पाणी साचतं. बाकीची फरशी उताराने वाहून कोरडी होते, तेवढाच भाग खाली बसलेला आहे. पाणी बरोबर गोल साचतं, पंचवीस फुटांचं. रखवालदार सकाळी खराट्याने ते गेटकडे लोटतो, तासाभराने ब्लॉकच्या सांध्यांतून ते पुन्हा वर येतं. मुलं त्यात कागदी होड्या सोडतात. गेटबाहेर टँकर उभा असतो, त्याचा पाईप त्या गोलाच्या कडेने जमिनीखालच्या टाकीत सोडलेला. आजोबांचं घर समोरच्या गल्लीत आहे. या दिवसांत ते दुपारी ओट्यावर बसतात, आणि रखवालदाराने पुन्हा खराटा उचलला की तिथूनच हाक मारतात, ‘राहू दे रे, आज गुरुवार हाय, पाळी आमची हाय.’